छाट

विडी वळणाऱ्या बाईला ‘छाट’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दिवसभर मान मोडून हजार विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि तपासणाऱ्याने मूठभर बाजूला फेकल्या की त्या छाट. त्यांचे पैसे नाहीत. ही गोष्ट सोलापूरच्या अशाच एका विडी कामगार बाईची, तिच्या दीड महिन्याच्या बाळाची आणि एका कागदाची. माणसं मी रचलेली आहेत. कागद आणि त्याचे नियम मात्र खरे आहेत.

बाईला एचआयव्ही होता. गरोदरपणात तिने एकही गोळी चुकवली नव्हती, बाळाला जन्मल्यापासून औषध पाजलं होतं. आता एकच प्रश्न उरला होता: बाळाला लागण झाली की नाही? मोठ्या माणसांची नेहमीची तपासणी इथे कामाची नाही. ती रक्तातली प्रतिपिंडं शोधते, आणि आईची प्रतिपिंडं बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणजे तपासायचं बाळाला आणि उत्तर यायचं आईचं. तेव्हा थेट विषाणूच शोधावा लागतो, आणि ते यंत्र गावोगावी नसतं. सोलापूरहून पुणं अडीचशे किलोमीटर; तिथे भोसरीच्या एड्स संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत ते काम चालतं. नळीतलं रक्त पाठवायचं तर बर्फ हवा, गाडी हवी. म्हणून जाड गाळणकागदाचं एक कार्ड असतं, त्यावर पाच वर्तुळं छापलेली. टाचेतून रक्ताचे थेंब काढून ती भरायची, वाळवायची आणि कार्ड साध्या टपालाने पाठवायचं. आपल्या देशात तान्ह्या बाळांसाठी हा कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. युक्ती त्याहून जुनी. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री नावाच्या डॉक्टरांनी 1963 मध्ये नवजात बाळांच्या एका जन्मजात आजारासाठी ती रूढ केली. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता, आणि भाचीला नेमका तोच आजार होता. घरचं दुःख असल्याशिवाय इतकी साधी युक्ती सुचत नसावी, असं मला आपलं वाटतं.

तर, आषाढ होता. एस.टी.च्या गाड्या पंढरपूरला वळवलेल्या, त्यामुळे बाई दोन तास फाट्यावर उभी राहून दुपारी एक वाजता सरकारी तपासणी केंद्रावर पोचली. तिथला टेक्निशियन नवा होता. पोरगा कामचुकार नव्हता. उलट फार झपाट्याचा होता, आणि घोळ तिथेच झाला. दुसऱ्या दिवशी त्याला वारीची ड्यूटी लागली होती. टपाल चारला निघायचं. त्याने टाच ऊबदार करून बाजूला टोचली, पहिला थेंब पुसला, पाचही वर्तुळं नीट भरली. हात खरंच चांगला होता. मग कार्ड पंख्याखाली धरलं. बाहेर झड लागलेली, हवा दमट. तासाभराने वरून बोट फिरवल्यासारखं करून तो म्हणाला, “वाळलं की.” पिशवीत घातलं, मागच्या खेपेच्या उरलेल्या शोषक पुड्या टाकल्या, पिशवी बंद केली आणि चारचं टपाल गाठलं.

चौथ्या आठवड्यात केंद्रातून बाईला फोन आला: भेटायला या. असल्या फोनवर यापेक्षा जास्त सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण ऐकणाऱ्याने काय समजायचं? बाई बाळाला छातीशी धरून आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. समुपदेशक मॅडमनी आधी तिला पाणी दिलं, मग सांगितलं, “बाळाचा रिपोर्ट वाईट आलेला नाही. रिपोर्टच आलेला नाही. कार्ड ओलं गेलं. पिशवीतला ओलावा दाखवणारा निळा ठिपका पुण्याला पोचेतो गुलाबी झाला होता. नमुना बाद केला त्यांनी.”

बाई थोडा वेळ गप्प बसली.

“म्हणजे छाट झाली की ओ.”

टेक्निशियनला शब्द कळला नाही. कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या मावशीने त्याला तो समजावला. मावशीची सासू विडीत होती.

“छाट विडीचे पैसे जातात, साहेब,” बाई म्हणाली. रागाने नाही, हिशेब विचारावा तसं. “हिच्यात काय जातं?”

मॅडम रजिस्टरकडे बघत राहिल्या. टेक्निशियनला उत्तर येत होतं, म्हणूनच तो बोलला नाही. लागण झालेल्या बाळांना औषध मिळालं नाही तर निम्मी दोन वर्षांची होण्याआधी जातात, त्यातली बरीचशी पहिल्या काही महिन्यांतच. म्हणून तर सहाव्या आठवड्याची तारीख ठरवलेली. त्याच्या झपाट्याने त्यातला महिना खाल्ला होता. ओल्या कागदावर बुरशी धरते, जंतू वाढतात, शोधायचा तो विषाणूचा अंश कुजतो. हे सगळं त्याने परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. तक्ता तर समोर भिंतीलाच लावलेला होता.

पुन्हा टाच टोचली. बाळ रडलं, बाई रडली नाही. या वेळी काही ओलं ठेवायचंच नाही, असं ठरवून पोरगा कार्ड घेऊन खिडकीकडे निघाला. पावसाने उघडीप दिली होती आणि खिडकीच्या कठड्यावर सोलापूरचं कडक ऊन पडलं होतं.

“ए दादा, तिकडं कुठं?” मावशी म्हणाली.

“उन्हात ठेवतो. लवकर वाळेल.”

“सांडगे हायत का ते? सांडगे उन्हात घालतेत. मेथी घालतेत का उन्हात? घातली तर काय उरतंय? काटक्या. वास नाही, चव नाही.”

मावशीला विषाणू माहीत नव्हता, पण नियम तोच होता. ऊन, हीटर, केस वाळवायचं यंत्र, यांतलं काहीच चालत नाही; उष्णतेने रक्त कागदात असं बसतं की प्रयोगशाळेत ते नीट सुटून येत नाही. कार्ड आडवं ठेवायचं, सावलीत, दोन्ही अंगांनी हवा लागेल असं, किमान चार तास. दमट दिवसांत रात्रभर. एका कार्डाला दुसरं ओलं कार्ड लागू द्यायचं नाही, नाहीतर शेजारच्या बाळाचं रक्त याच्या नावावर जायचं.

पोरगा परत आला. जाळीच्या रॅकवर त्याने कार्ड आडवं ठेवलं आणि शेजारी कागदावर वेळ लिहिली: 11.40. बाई बाकावर बसून राहिली. जा म्हटलं तरी गेली नाही. तेंदूपत्ता किती ओला, किती कोरडा हे नुसत्या नजरेने ओळखणारी बाई ती. चार वाजत आले, टपालवाला दारात आला, पोरगा रॅककडे वळला.

“कडेला अजून लाल हाय,” बाई म्हणाली.

त्याने वाकून पाहिलं. चार वर्तुळं तपकिरी झाली होती. पाचव्याची कड अजून तांबूस होती. टपाल कार्डाशिवाय गेलं.

सकाळी पाचही वर्तुळं सारखी काळपट तपकिरी झाली होती. कार्डाला तलम ग्लासिन कागद गुंडाळला, नव्या शोषक पुड्या मोजून टाकल्या, निळा ठिपका निळाच आहे ना ते दोनदा पाहिलं आणि पिशवी बंद केली.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला: विषाणू आढळला नाही. मॅडमनी बाईला लगेच पुढचं सांगितलं. बाळ अंगावर पितंय, म्हणून सहाव्या महिन्यात आणि बाराव्या महिन्यात पुन्हा यायचं, शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात. बाईने तारखा मजुरीच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतल्या.

त्या केंद्रातून आता रक्त घेतल्या दिवशी कुठलंच कार्ड निघत नाही.