हिरवा ठिपका आणि आम्ही

आमच्या शाळेत वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटण्याची पद्धत आहे. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने वाटलेले चॉकलेट एका मुलाने न उघडता बाकावर ठेवले. विचारले तर म्हणाला, "सर, अब्बूंच्या मोबाईलवर आलंय, यात डुकराची चरबी असते." वर्गातली निम्मी तोंडे चालायची थांबली. वाटणारी मुलगी रडवेली झाली.

उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आम्हाला तिथल्या तिथे उत्तर देता यायला हवे होते. आले नाही. "उद्या सांगतो," म्हणालो आणि एक रिकामे वेष्टन खिशात घालून घरी आलो.

रात्री भिंगातून वेष्टन वाचले. साखर, दुधाची भुकटी, कोको बटर आणि पुढे इमल्सिफायर ४४२, ४७६. मोबाईलवर फिरणाऱ्या यादीत असे सगळे आकडे एकाच माळेत ओवलेले असतात. प्रत्यक्षात ४७६ मूळ एरंडेल तेलापासून बनते, ४४२ बहुधा मोहरीच्या कुळातल्या रेपसीडच्या तेलापासून. ३२२ म्हणजे लेसिथिन, ते बहुतेक सोयाबीनचे. ४७१ मात्र वनस्पती तेलातूनही होते आणि प्राण्यांच्या चरबीतूनही. आकडा दोन्हींचा एकच. १२० हा लाल रंग कीटकांपासून काढतात. मऊ मार्शमॅलोत जिलेटिन असते, ते डुकराच्या किंवा गुरांच्या कातड्या-हाडांचे असू शकते. म्हणजे शंका घेणारा मुलगा अगदीच चूक नव्हता. पण समोरचे चॉकलेट नाकारण्याइतका बरोबरही नव्हता, कारण वेष्टनावर हिरवा ठिपका होता.

हा ठिपका भारतात २००१ पासून आला. शाकाहारी बांधवांसाठी आलेली ही खूण आपल्या किती कामी पडली, याचा हिशेब आपण कधी केला नाही. ठिपका हिरवा असला की चरबी नाही, जिलेटिन नाही. दारूबद्दल तो काही सांगत नाही, तेवढे वाचून घ्यावे लागते. आणि आमचीच एक गोष्ट कबूल करायची तर, आखातातून मामूजान चॉकलेटची पिशवी आणतात, तेव्हा आम्ही आजवर एकाही वेष्टनाची मागची बाजू पाहिलेली नाही. तिकडून आले म्हणजे पाकच! भिंग काय ते इकडच्या दुकानदारासाठी.

२०१४ साली मलेशियात कॅडबरीच्या दोन चॉकलेटांत डुकराच्या डीएनएचा अंश सापडल्याची बातमी आली आणि गदारोळ झाला. काही दिवसांतच तिथल्या सरकारी इस्लामी खात्याने पुन्हा तपासणी केली, तर काही आढळले नाही. पहिली बातमी आमच्या स्टाफरूममध्ये आजही सांगितली जाते. दुसरी कुणाला ठाऊकच नाही. तपास करणे आणि संशय धरून बसणे यांत फरक आहे, तो इथे दिसतो. हजरत आयेशांकडून आलेली एक हदीस आहे: नव्याने मुसलमान झालेले लोक गोश्त आणून देत, त्यावर अल्लाहचे नाव घेतले होते की नाही हे कळत नसे. तेव्हा पैगंबरांनी (स.) देणाऱ्यांची उलटतपासणी करायला सांगितले नाही. तुम्ही बिस्मिल्लाह म्हणा आणि खा, असा त्याचा आशय आहे.

दुसऱ्या दिवशी हे सगळे वर्गात सांगितले. मुलाने दप्तरातून कालचे चॉकलेट काढले. ते त्याने टाकले नव्हते, जपून ठेवले होते. अर्धे मोडून शेजाऱ्याला दिले. आम्हाला बरे वाटले.

पण त्या रात्री वाचताना आणखी एक गोष्ट हाती लागली होती, ती आम्ही वर्गात बोललो नाही. जगातला निम्म्याच्या आसपास कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २०२० साली शिकागो विद्यापीठाच्या एका संस्थेचा अहवाल आला. त्यानुसार तिथल्या कोकोच्या शेतांत सुमारे १५ लाख ६० हजार बालमजूर आहेत. कोयत्याने शेंगा फोडायच्या, ओझी वाहायची, औषधे फवारायची. काही मुले शेजारच्या मालीतून आणि बुर्किना फासोतून आणलेली असतात. दोन्ही मुसलमान बहुसंख्येचे देश. म्हणजे त्यांची नावे आमच्या हजेरीपटातल्या नावांसारखीच असणार. इब्राहिम, मूसा, आमिना.

सूरह बकराच्या १६८ व्या आयतीत हलालला लागूनच तय्यब हा शब्द आला आहे. पाक, निर्मळ, चांगले. हलालसाठी आम्ही भिंग घेतले. तय्यबसाठी वेष्टनावर एकही आकडा नाही, ठिपका नाही, आणि मोबाईलवर फिरणारी यादीही नाही. इब्राहिमची मजुरी कुठल्या क्रमांकाखाली छापणार?

वर्गात सांगितले असते तर तोच मुलगा उभा राहिला असता. "मग सर, खायचं की नाही?" त्याच्या वयाचीच मुले आहेत ती. ते वेष्टन अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे, आणि पुढच्या शनिवारी वर्गात पुन्हा एकाचा वाढदिवस आहे.