पोटासाठी राखलेला पक्षी

ओडिशातील चिलिका सरोवराच्या उत्तरेकडील काठावर मंगलाजोडी नावाचे गाव आहे. गावासमोर गवताने आणि लव्हाळ्यांनी भरलेली दलदल पसरली आहे. हिवाळ्यात हिमालयापलीकडून चक्रवाक, तलवार बदके, गॉडविट असे असंख्य पक्षी येथे उतरतात. शेकाट्या आणि जांभळी पाणकोंबडी तर होडीजवळच चरताना दिसतात. त्यांना पाहण्यासाठी लोक सुट्टी काढून लांबून येतात.

एके काळी याच गावातील अनेक जण या पक्ष्यांची शिकार करत, अंडी गोळा करत आणि मांस बाजारात विकत. २००० च्या सुमारास शिकार सोडलेल्या गावकऱ्यांची ‘श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती’ उभी राहिली. आज पूर्वीचे काही शिकारी बांबूने होडी ढकलत पाहुण्यांना पक्षी दाखवतात, दलदलीवर पहाराही ठेवतात. पक्षी कुठे बसतो, कधी उडतो, हे त्यांना शिकारीच्या दिवसांपासूनच ठाऊक आहे.

हे ऐकल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो: ही करुणा आहे की केवळ कमाई?

वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे मला यातील हिशेब लगेच दिसतो. मारलेला पक्षी एकदाच विकला जातो, जिवंत पक्षी रोज दाखवता येतो. पण नुसत्या हिशेबावर उभी असलेली अहिंसा कच्ची असते. उद्या त्याच पाण्यात कोळंबीची शेती जास्त फायद्याची ठरली, तर हिशेब उलटेल. म्हणून भाव महत्त्वाचा, हे खरेच.

तरीही हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? क्रौंच पक्ष्याला मारणाऱ्या निषादाला वाल्मीकींनी शाप दिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पक्ष्याचे दुःख आपल्याला कळते, ऋषींचा शोक कळतो. निषादाच्या घरी त्या दिवशी चूल पेटली का, हे मात्र कोणी विचारत नाही. भुकेल्या माणसाकडून निष्काम कर्माची अपेक्षा करणे सोपे असते, विशेषतः आपले पोट भरलेले असताना. शिवाय हात आधी थांबतात आणि मन मागून येते, असेही घडते. रोज ज्याची राखण करावी लागते, त्याच्याबद्दल माया उपजतेच.

भावाच्या शुद्धतेची कसोटी लावायचीच असेल, तर ती आधी होडीत बसलेल्या पाहुण्याला लावूया. त्याला भूक नाही, तरी हाव आहे. आणखी एक फोटो हवा, यादीत आणखी एक नाव हवे. त्यासाठी तो होडी घरट्याजवळ न्यायला सांगतो, उडतानाचे चित्र मिळावे म्हणून थव्याला उठवतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची विश्रांती त्याच्या हौसेपायी मोडते. बंदूक नसली तरी पकडण्याची वृत्ती तीच आहे.

अशा ठिकाणी जाण्याचा योग आला, तर एवढे करून पाहूया. पहिली दहा मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू दे. ‘अजून जवळ चला’ असे म्हणू नये. होडीवाल्या दादांच्या ठरलेल्या मोबदल्यात घासाघीस करू नये, कारण त्या पैशावर एक घर आणि एक दलदल दोन्ही टिकून आहेत. आणि पक्षी दिसला नाही, तरी मन शांत राहते का, हे पाहावे. काही न घेता नुसते पाहता येणे, हीसुद्धा एक साधनाच आहे.