क्षमेचा अधिकार आणि ओरादूरचे अवशेष

लिमोजजवळच्या ओरादूर-स्युर-ग्लान या गावात १० जून १९४४ रोजी ‘दास राइश’ या एस. एस. डिव्हिजनच्या सैनिकांनी सहाशेहून अधिक माणसे मारली. पुरुषांना कोठारांत गोळ्या घातल्या, स्त्रिया व मुले चर्चमध्ये कोंडून ठार केली, आणि गाव पेटवून दिले. १९४६ मध्ये फ्रान्सने कायदा करून हे अवशेष जतन केले. नवे गाव शेजारी वसविले. विस्मरणास कायद्यानेच मज्जाव झाला, असे तेव्हा वाटले असावे.

१९५३ मधील बोर्दोच्या खटल्याने ही समजूत मोडली. २१ आरोपींपैकी १४ जण आल्सासचे, म्हणजे फ्रेंचच होते. त्यांतील १३ जणांची भरती जर्मनीने सक्तीने केली होती. शिक्षा होताच आल्सास क्षुब्ध झाला आणि आठवडाभरात संसदेने या सक्तीच्या सैनिकांना माफी दिली. ज्या राज्यसंस्थेने स्मरणाचा कायदा केला, तिनेच सात वर्षांनी विस्मरणाचाही केला.

आल्सासचे दुःख खोटे नव्हते. भरती नाकारणाऱ्याच्या कुटुंबावर संकट कोसळत असे. परंतु सक्तीमुळे दोष किती उणावतो, हा न्यायालयाचा प्रश्न होता, आणि न्यायालयाने त्याचा निवाडा केला होता. संसदेचा प्रश्न राष्ट्रैक्याचा होता. येथे क्षमा आणि माफी यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. क्षमा घडलेले मान्य करूनच पुढे जाते. माफी कायद्याच्या दृष्टीने ते पुसून टाकते. शिवाय क्षमेचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा. तो तर येथे मृत आहे. मृताचे शेत वारसाकडे येते. त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार येत नाही. मग तो संसदेकडे कोठून यावा?

नातलगांपाशी उरला तो केवळ नकार. गावाला मिळालेले सन्मान त्यांनी परत केले, सरकारी स्मारकात अस्थी ठेवू दिल्या नाहीत, माफीला मत देणाऱ्या प्रतिनिधींची नावे अवशेषांच्या दाराशी लावली. यास सूड म्हणणे योग्य नव्हे. सुडाला शत्रूचे रक्त हवे असते. या नकाराला एवढेच हवे होते की, मृतांच्या नावाने परस्पर हिशेब मिटविला जाऊ नये.

ओरादूरच्या भिंती आपोआप ‘जशाच्या तशा’ राहत नाहीत. पावसाने त्या झिजतात, गवंड्यांना त्या पुनःपुन्हा सावराव्या लागतात. कायदा जतनाची आज्ञा देऊ शकतो; जतन मात्र कोणाला तरी रोज करावे लागते. स्मरणाचेही तसेच आहे.