श्मिट कुठवर बरोबर होता?

जर्मन कायदेपंडित कार्ल श्मिट १९३३ साली नाझी पक्षाचा सदस्य झाला, एवढे सांगून त्याची फाईल बंद करणे सोयीचे असते. पण त्याने १९२३ मध्ये संसदवादावर लिहिलेले छोटेखानी पुस्तक वाचले की ती सोय राहत नाही. त्याचे म्हणणे असे: संसद उभी राहिली ती चर्चेवरच्या श्रद्धेवर. उघड वाद घालावा, समोरच्याचे पटले तर मत बदलावे आणि त्यातून कायदा व्हावा. प्रत्यक्षात निर्णय पक्षांच्या बंद खोल्यांत होतात आणि सभागृहात उरतो तो देखावा.

यावर आपण त्याच्याशी काय भांडणार? आपल्याकडे १९८५ पासून संविधानात पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आहे. पक्षादेश झुगारून मत देणाऱ्या आमदाराचे पदच धोक्यात येते. म्हणजे समोरच्याच्या भाषणाने मन वळणे हा आपल्याकडे जवळपास अपात्रतेचा गुन्हा आहे.

गडबड आहे ती श्मिटच्या पुढच्या पावलात. लोकशाहीला एकजिनसी समाज लागतो, असे तो म्हणतो. आणि तो एकजिनसीपणा कसा आणायचा, तर जे वेगळे आहेत त्यांना वगळून. १९२६ च्या प्रस्तावनेत त्याने दिलेली उदाहरणे लपवाछपवी करत नाहीत: ग्रीकांना हाकलणारा तुर्कस्तान आणि स्थलांतरितांना गाळून घेणारा ऑस्ट्रेलिया. त्याचा तर्क असा: चर्चा पोकळ आहे, म्हणून निर्णय घेणारा हवा. निर्णय घेणारा आला की शत्रू कोण हेही तोच ठरवणार.

हर्मन हेलर या समाजवादी कायदेपंडिताने १९२८ मध्ये हाच धागा उलट्या दिशेने ओढला. वाद घालायला काहीतरी सामाईक लागते, हे त्यालाही मान्य होते. पण ते सामाईक तुटते कशाने, हे त्याने विचारले, आणि त्याचे उत्तर होते आर्थिक विषमता. ज्या कामगाराला संसदेतली समता ही आपली चेष्टा वाटते, तो चर्चेवर विश्वास का ठेवील? पुढे हे दोघे खटल्यातही समोरासमोर आले. २० जुलै १९३२ रोजी जर्मनीचा चान्सेलर पापेनने राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाचा आधार घेऊन प्रशिया या घटकराज्याचे सरकार हटवले. लायप्झिगच्या न्यायालयात श्मिट केंद्राच्या बाजूने उभा राहिला, हेलर प्रशियातल्या सोशल डेमोक्रॅट आमदारांच्या बाजूने.

डॉ. आंबेडकर हेलरच्या वाटेवरचे. सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या शिबिरात बोलताना त्यांनी संसदीय लोकशाहीलाही टीकेतून सोडले नव्हते. तिने स्वातंत्र्याला कवटाळले आणि समतेकडे पाठ फिरवली. कराराच्या स्वातंत्र्याने बलवंताला दुबळ्याला नाडायची मोकळीक दिली, असा त्यांचा रोख होता. जर्मनी-इटलीतली पडझड त्यांच्या नजरेसमोर होती. तरी त्यांनी कामगारांना सांगितले ते सत्ता आपल्या पक्षाकडून हाती घ्या, असे. सहा वर्षांनी संविधान सभेत राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्यातल्या विसंगतीचा जो इशारा त्यांनी दिला, त्याचे मूळ इथे आहे.

अलीकडे शांताल मूफसारख्या डाव्या विचारवंत श्मिटकडून संघर्षाची कल्पना उचलतात आणि त्याच्या शत्रूला प्रतिस्पर्धी करून घेतात. मला हे फारसे पटत नाही. शत्रूचा प्रतिस्पर्धी होतो तो न्यायालये, वृत्तपत्रे, ठरलेल्या मुदतीच्या निवडणुका यांच्या धाकाने, आणि नेमक्या याच उदारमतवादी व्यवस्थेला श्मिट हिणवत होता.

मग संसदेतला देखावा कमी कसा करायचा? निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते की, मतदानावरून अपात्रता विश्वासदर्शक-अविश्वास ठरावापुरती ठेवावी. ते करावेच. पण त्याने सुटका होईल ती आमदाराची, मतदाराची नाही. मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर गेलेला ऊसतोड मजूर नोव्हेंबरातल्या मतदानाला गावी यायचा की नाही, हे टोळी सोडायला परवानगी मिळते का आणि गाडीभाडे कोण देतो यावर ठरते. गाडी ज्याने पाठवली, त्याच्या विरोधात बटण दाबण्याची हिंमत त्याने कुठून आणायची, हा प्रश्न दहाव्या परिशिष्टाच्या कक्षेत येत नाही. तो किमान वेतनाच्या, उचलीच्या व्यवहाराच्या आणि गावातच मिळणाऱ्या कामाच्या कक्षेत येतो.