उघडे दार आणि वरची खुर्ची

श्रद्धा घरी ठेवून कामावर यावे, असा एक अलिखित शिष्टाचार ब्रिटनमध्ये आहे. कायदा मात्र तितका कडक नाही. ब्रिटिश एअरवेजने चेक-इनवर काम करणाऱ्या नादिया एवेदा यांना गळ्यातला लहानसा क्रूस गणवेशावर दिसेल असा घालू दिला नाही, तेव्हा त्या भांडल्या आणि २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयात जिंकल्या. त्याच निकालात एका परिचारिकेचा तसाच दावा फेटाळला गेला, कारण गळ्यातली साखळी रुग्णाच्या हाती लागून इजा होण्याची भीती होती. पूर्व लंडनमधील सरकारी आरोग्य सेवेच्या (एनएचएस) एका ट्रस्टमध्ये घडलेले प्रकरण मला याहून महत्त्वाचे वाटते. तिथल्या एका वरिष्ठ ख्रिस्ती अधिकारी बाईंनी हाताखालच्या मुस्लिम तरुणीसाठी तिच्यासमोर प्रार्थना केली, तिला चर्चच्या कार्यक्रमांना बोलावले, मुस्लिम स्त्रीच्या धर्मांतराची कथा सांगणारे पुस्तक दिले. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. हा धार्मिक भेदभाव आहे असे त्यांचे म्हणणे होते. अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये ते अमान्य केले. बाईंचा हेतू वाईट होता असे मानण्याचे कारण नाही. पण जिची बढती आणि मूल्यमापन तुमच्या हाती, तिने तुमच्या प्रार्थनेला होकार दिला तर त्या होकाराला किती अर्थ उरतो?

सहकाऱ्यांपुढे श्रद्धेचे उदाहरण ठेवायचे असेल, तर पाहणाऱ्याला त्याकडे पाठ फिरवण्याची मोकळीक हवी, आणि ते उदाहरण प्रत्यक्ष कामातून दिसायला हवे, असे माझे म्हणणे आहे. याला आधार आपल्याच पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडतो. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे राहिल्या. लंडनमधील फुलहॅम येथे या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करत. ते काम पाहून रमाबाई हेलावल्या, हे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. अशा स्त्रियांविषयी ही माया येते कुठून, हे विचारले ते रमाबाईंनी. मग भगिनींनी त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्रीच्या भेटीची कथा सांगितली. काम आधी, प्रश्न नंतर, उत्तर सर्वांत शेवटी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे याच संघातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांना त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चचा अधिकार समजावू लागल्या, तेव्हा मात्र पत्रांतून खडाजंगी झाली आणि रमाबाईंनी आपले स्वतंत्र मत सोडले नाही. सेवेपुढे नमलेली ही बाई आज्ञेपुढे नमली नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: नुसते चांगले काम तर नास्तिकही करतो, मग त्यात ख्रिस्ती ते काय? २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील ४६.२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले आणि ३७.२ टक्क्यांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगितले. म्हणजे शेजारच्या टेबलावरचा प्रामाणिक माणूस निधर्मी असण्याची शक्यता चांगलीच मोठी. तेव्हा सचोटीवर ख्रिस्ती मक्ता सांगू नये, हे खरेच. पण फुलहॅमचा क्रम पाहिला की आक्षेपाची धार कमी होते. प्रश्न आला तर उत्तर द्यायला तोंड उघडावेच, फक्त प्रश्न समोरच्याचा असावा. उलट बाजूने, श्रद्धा जाहीर असूनही काम तिची साक्ष देत नसेल तर काय होते, हे ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने दाखवले. सदोष हॉरायझन संगणक प्रणालीच्या आधारे १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक सब-पोस्टमास्तर दोषी ठरले. २०१२ ते २०१९ या काळात संस्थेच्या प्रमुख असलेल्या पॉला वेनेल्स या अँग्लिकन चर्चच्या दीक्षित धर्मगुरू. बहुतेक खटले त्यांच्या आधीचे, हे न्यायाने सांगायला हवे. पण त्यांच्याच काळात संस्था पीडितांविरुद्ध न्यायालयात लढत राहिली. २०२४ मध्ये त्यांचा सीबीई हा सन्मान काढून घेण्यात आला. ज्यांच्या घरांवर जप्ती आली, त्यांना रविवारच्या प्रवचनाचे काय?

तरीही माझी कसोटी सोपी नाही, कारण रमाबाई स्वतःच तिच्यात अडकतात. विधवा मुलींसाठी त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन होते. रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली येऊन बसत. यावरून रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी १८९३ मध्ये सदनाशी संबंध तोडला. स्वतःच्या खोलीत उघडपणे प्रार्थना करण्याचा रमाबाईंचा हक्क मला पूर्ण मान्य आहे, आणि दार लावून घ्या म्हणणे म्हणजे श्रद्धा लपवायला सांगणेच. पण त्या विधवा मुलींना सदनाबाहेर फारसे जग नव्हते. अन्न, शिक्षण, निवारा सारे रमाबाईंच्या हातून येत होते. वाँटेजला रमाबाईंकडे सिस्टर जेराल्डिनना नाही म्हणण्याइतकी विद्या, नाव आणि करारीपणा होता. यातले काहीही त्या मुलींकडे नव्हते, म्हणून दाराच्या प्रश्नावर रानडे-भांडारकरांना केवळ सनातनी भीतीचे बळी ठरवणे मला पटत नाही.