सारथ्याची परीक्षा

मद्य पिऊन मोटार हांकावी असें म्हणणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटला नाहीं. वाद आहे तो पुढेंच. ज्याच्याविषयीं कांहींच संशय नाहीं अशा चालकाच्या तोंडापुढें नळी धरून ‘फुंक’ म्हणण्याचा अधिकार समाजास आहे काय? निरपराध मनुष्यास आपलें निरपराधित्व रोज सिद्ध करावयास लावलें तर तो दुखावणारच. आणि हा आक्षेप केवळ मद्यपींचा म्हणून उडवून लावणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आमच्या वऱ्हाडांतलीच गोष्ट घ्या. १ जुलै २०२३ रोजीं रात्रीं दीडच्या सुमारास नागपुराहून पुण्यास जाणारी खासगी बस समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ उतारू मरण पावले. टायर फुटला असें चालकाचें म्हणणें होतें. अमरावतीच्या परिवहन कार्यालयाच्या अहवालास तें मान्य झालें नाहीं. पुढें त्याच्या रक्तांत मर्यादेहून अधिक मद्यांश आढळल्याचा अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा निष्कर्ष वृत्तपत्रांत आला. दोष ठरविणें न्यायालयाचें काम. आमचें लक्ष त्या उतारूंकडे आहे. त्यांतले बहुतेक झोपेंत असतील. झोपलेल्या मनुष्यास चालकाचे डोळे पाहतां येत नाहींत, त्याच्या तोंडाचा दर्प कळत नाहीं. जागा असता तर जो प्रश्न त्यानें स्वतः विचारला असता, तोच ती नळी त्याच्या वतीनें विचारते. दोनशे-तीनशे मैल परक्यांचे प्राण वाहून नेणाऱ्यानें त्या प्रश्नास अपमान मानूं नये.

मात्र प्रश्न निघण्यापूर्वीं विचारला पाहिजे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम मद्यांशाची. आणि शरीर तेवढ्याच रक्तांतला सुमारें १५ मिलिग्रॅम मद्यांश तासास जिरवून टाकतें. अपघातानंतर धांवपळींत दोन-तीन तास गेले कीं पुरावा आपोआप विरतो. तो विरविण्याचे दुसरेहि मार्ग असूं शकतात : पुण्यांत १९ मे २०२४ च्या अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयांतील डॉक्टरांना अटक झाली होती.

येथवर आम्ही परीक्षेच्या बाजूचे. परंतु परीक्षा एकट्या चालकाचीच कां? नळीस दारू कळते. गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या कळत नाहींत. त्यांसाठीं लाळेची किंवा रक्ताची तपासणी लागते, ती क्वचितच होते. आणि जागरण तर कोणत्याच नळींत सांपडत नाहीं. १९६१ च्या कायद्यानें मोटारकामगारास दिवसास ८ तासांची मर्यादा घालून दिली होती. दिवसा एक खेप करून आलेल्या चालकास रात्रीं पुन्हां गादीवर बसविणारा मालक मात्र कोणत्या यंत्रांत फुंकतो? ज्या फाटकांत चालकाचा श्वास तपासावयाचा, तेथेंच मालकाची हजेरीवहीहि उघडली पाहिजे, असा आमचा आग्रह आहे. एरवीं ही परीक्षा गरिबाची झडती होऊन बसेल.

आणि आपण सुशिक्षित मंडळी? अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटरांचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत बांधून काढल्याचा विक्रम झाला. अशा गुळगुळीत रस्त्यावरून लग्नाची पंगत आटोपून स्वतःची मोटार हांकीत परतणारे गृहस्थ ‘दोनच घोट घेतले’ असें कौतुकानें सांगतात. नाक्यावर नळी पुढें आली कीं खिशांतला फोन काढून कोणा ओळखीच्या साहेबाचें नांव घेणारे हेच. ट्रकवाला बिचारा खालीं उतरून फुंकतो.