स्वतः शिकणंही शिकवावं लागतं

आठवड्याच्या पाच-सहा तासिकांत परकी भाषा येत नाही, हे इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. भाषा अंगवळणी पडायला जे ऐकणं, वाचणं, बोलणं लागतं, त्यातलं बरंचसं मुलांनी वर्गाबाहेर, आपणहून करायचं असतं. ते त्यांनी आपणहून करावं यासाठी शिक्षकाने काय करायचं? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं.

पहिलं उत्तर पुस्तकाचं होतं. ढाक्यात शिक्षणखात्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांना दिसलं, की बंगालमधली कितीतरी मुलं अर्ध्यावर शाळा सोडतात आणि त्यांच्या पदरात इंग्रजीचं काहीच पडत नाही. विम्याची पॉलिसी मध्येच मोडली तरी काही रक्कम हाती येते. शिक्षणाचंही तसंच असावं, असा विचार त्यांनी १९२६च्या ग्रंथात मांडला. शाळा सुटली तरी निदान वाचता यावं, म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांची वाचनमाला तयार केली. त्यामागची कळकळ खरी होती. पण काय वाचायचं, कोणत्या क्रमाने आणि किती शब्दांत, हे सारं वेस्टच ठरवत होते. मुलाच्या हाती पुस्तक आलं, निर्णय आला नाही.

निर्णयाचा प्रश्न ऐरणीवर आणला तो फ्रान्समधल्या नाँसी विद्यापीठाच्या भाषाकेंद्राने. प्रौढांना आयुष्यभर नव्या भाषा शिकता याव्यात, हा विचार तेव्हा युरोपीय परिषदेने हाती घेतला होता. त्या परिषदेसाठी केंद्राचे आँरी ओलेक यांनी लिहिलेला अहवाल १९८१मध्ये पुस्तकरूपाने सर्वदूर पोहोचला. स्वायत्तता म्हणजे आपल्या शिकण्याची सूत्रं आपल्या हाती घेण्याची क्षमता, अशी त्यांनी मांडणी केली. ध्येय ठरवणं, मजकूर निवडणं, पद्धत ठरवणं, प्रगतीवर लक्ष ठेवणं आणि शेवटी स्वतःचं मूल्यमापन करणं, ही पाचही कामं शिकणाऱ्याची. ही क्षमता उपजत नसते, ती कमवावी लागते आणि बहुधा शिकवावीही लागते, असंही त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं.

पुढे अनेक ठिकाणी नेमकी ही दुसरी बाजू मागे पडली. विद्यापीठांमध्ये स्वयंअध्ययन केंद्रं उभी राहिली. तिथे टेप, हेडफोन, सरावपत्रं आणि उत्तरसूची असायच्या. ज्यांना शिकायचं कसं हे आधीच कळलेलं होतं, त्यांना त्यांचा उपयोग झाला. बाकीच्यांना सुरुवात कुठून करावी तेच उमगेना. डब्लिनच्या डेव्हिड लिटल यांनी १९९१मध्ये यामागचा गैरसमज खोडून काढला. स्वायत्तता म्हणजे शिक्षकाविना शिकणं नव्हे आणि शिक्षकाने हात झटकून मोकळं होणंही नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं.

डेन्मार्कमध्ये लेनी डाम यांच्या वर्गात शिक्षकाच्या साथीने असं स्वायत्त शिकणं १९७३पासूनच घडत होतं. चौदा वर्षांची, शाळेला कंटाळलेली मुलं त्यांच्यापुढे होती. डाम यांनी निवडीचा अधिकार मुलांना दिला, पण त्याची जबाबदारीही सोपवली. प्रत्येकाकडे एक नोंदवही असे. आज काय करणार, कोणाबरोबर करणार, घरी काय करून आणणार आणि तास कसा गेला, हे मुलं तिच्यात लिहीत. डाम ती वाचून उत्तर देत. मुलं शब्दांच्या पत्त्यांचे खेळ बनवत, गोष्टी लिहीत, एकमेकांच्या कामावर मत देत. पुढे डाम आणि त्यांचे सहसंशोधक लेगेनहाउझेन यांनी अशा वर्गाची तुलना पाठ्यपुस्तकावर चालणाऱ्या वर्गाशी केली, तेव्हा ही मुलं शब्दसंग्रहात मागे नव्हती.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे इंग्रजीला वर्षं वाढवून मिळाली, पण मुलाच्या हाती निर्णय किती आले? फळ्यावरचं उत्तर उतरवायचं, गाइडमधलं पाठ करायचं, क्लासला जाऊन पुन्हा तेच घोकायचं, यात त्याला स्वतः काही ठरवावंच लागत नाही. बदलाची सुरुवात लहान गोष्टींनीही होऊ शकते. दहा प्रश्नांपैकी कोणते पाच सोडवायचे, हे मुलाने निवडावं आणि का निवडले ते सांगावं. तासाच्या शेवटी पाच मिनिटं, हवं तर मराठीत, काय कळलं आणि कुठे अडलं ते वहीत लिहावं. त्या वहीला गुण नसावेत, उत्तर मात्र जरूर मिळावं.

यात शिक्षकाचं काम कमी होत नाही, उलट वाढतं. चाळीस वह्या वाचून उत्तरं द्यायची, तर वेळ लागतो. अभ्यासक्रम संपवण्याची घाई, अहवाल आणि शाळाबाह्य कामं यांतून ज्याला स्वतःच्या तासाचं नियोजनही ठरवता येत नाही, तो शिक्षक मुलांना निर्णय घ्यायला कसं शिकवणार? मुलांनी आपल्या बळावर शिकावं असं मनापासून वाटत असेल, तर निर्णय घेण्याची मोकळीक आधी शिक्षकाला मिळायला हवी.